रविवारच्या फोनवर एक प्रश्न विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटनमधल्या वृद्धांच्या थंडीच्या भत्त्याची बातमी आपल्या अंकात चार ओळींत आली होती. माझ्या भावाने तिचा फोटो काढून मिरजेहून मला पाठवला आणि खाली लिहिले, 'तुमच्याकडे म्हाताऱ्यांना हीटरचे पैसे सरकार देते म्हणे, मजा आहे!' बातमीत चूक काहीच नव्हती. पण ज्यांना ते पैसे मिळायला हवेत त्यातल्या कितीजणांपर्यंत ते पोचतात, आणि का पोचत नाहीत, हे चार ओळींत मावणारे नाही. म्हणून हे पत्र. थोडे लांबेल, पण ते तुमच्याच वाचकांच्या मावश्या-आत्यांबद्दल आहे.

मी मूळची मिरजेची. १९८४ साली लग्न होऊन ग्लासगोला आले. बावीस वर्षे इथल्या सार्वजनिक ग्रंथालयात काउंटरवर होते, आणि पुस्तके देण्याघेण्याइतकाच वेळ लोकांचे फॉर्म भरून देण्यात गेला. निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नाही. दर गुरुवारी ग्लासगोतल्या पोलोकशील्ड्स भागातल्या एका हॉलमध्ये टेबल मांडून बसते. येणारे बहुतेक पंजाबी आणि उर्दू बोलणारे. मराठी माणूस क्वचित येतो आणि आलाच तर दुसऱ्याचे काम घेऊन आल्यासारखा. 'आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, त्यांच्यासाठी विचारत होतो.' ते गृहस्थ समोरच बसलेत, हे तिसऱ्या वाक्याला कळते. मीही मग शेवटपर्यंत 'त्या गृहस्थांना सांगा' असेच म्हणते.

इथे आम्हाला सरकारे दोन आहेत. एक लंडनचे, म्हणजे सगळ्या ब्रिटनचे, आणि एक एडिनबराचे, म्हणजे स्कॉटलंडचे. २०१६च्या स्कॉटलंड ॲक्टने काही भत्ते एडिनबराच्या हाती आले. सरकारी पेन्शन, पेन्शन क्रेडिट आणि युनिव्हर्सल क्रेडिट (पेन्शनच्या वयाआधीच्या कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी मदत) मात्र लंडनकडेच राहिले. २०१८ साली एडिनबराने स्वतःचा सामाजिक सुरक्षा कायदा केला आणि 'सोशल सिक्युरिटी स्कॉटलंड' हे वेगळे खाते उभे केले, त्याची मुख्य कचेरी डंडीला. भावांमध्ये वाडा वाटला गेला की विहीर एकाकडे जाते आणि रहाट दुसऱ्याकडे, तसे काहीसे झाले. दोघेही तहानलेल्याला पाणी पाजायला तयार आहेत, फक्त तहानलेल्याने आधी विहीर कुणाची आणि रहाट कुणाचा हे शोधून दोन्हीकडे वेगवेगळा अर्ज करायचा.

पेन्शन क्रेडिट ही २००३ साली सुरू झालेली योजना. ज्यांची पेन्शन तोकडी आहे त्यांचे उत्पन्न एका ठरावीक रकमेपर्यंत भरून द्यायचे, अशी तिची साधी कल्पना. २०२५-२६ साली ती रक्कम एकट्या माणसाला आठवड्याला २२७ पौंड १० पेन्स होती, जोडप्याला ३४६ पौंड ६० पेन्स. पण हक्क असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक ती घेतच नाहीत. हे सरकारचेच अंदाज आहेत आणि वर्षानुवर्षे आकडा तिथेच घुटमळतो आहे.

मग २९ जुलै २०२४ रोजी अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी जाहीर केले, की हिवाळ्यात वृद्धांना सरसकट मिळणारे २०० किंवा ३०० पौंड यापुढे फक्त पेन्शन क्रेडिट किंवा तसाच एखादा लाभ घेणाऱ्यांना मिळतील. हा भत्ता एडिनबरा त्याच हिवाळ्यात स्वतःकडे घेणार होते. पण लंडनहून येणारा पैसाच आटणार म्हटल्यावर त्यांनीही तीच अट लावली. दोन्ही सरकारे एकमेकांच्या नावाने खडे फोडत होती, आणि दोन्ही सरकारे म्हाताऱ्यांना एकच गोष्ट सांगत होती: पेन्शन क्रेडिटचा अर्ज करा, २१ डिसेंबरच्या आत करा. इतक्या वर्षांच्या पत्रकांना जे जमले नाही ते या एका धसक्याने केले. देशभर अर्जांचा पूर आला. आमच्या टेबलापुढे खुर्च्या कमी पडल्या. अर्जात २४३ प्रश्न आहेत, अशी बातमी तेव्हा गाजली. सगळ्यांना सगळे भरावे लागत नाहीत हे खरे, पण आकडा ऐकूनच दोन आजोबा दारातून परत गेले.

त्या रांगेत आमच्या वहिनी होत्या. सख्ख्या नव्हेत. माझ्या यजमानांच्या स्नेह्यांच्या पत्नी. वय आता ७२. सातारकडच्या, १९७६ साली इथे आलेल्या. ओळखीच्यांच्या कापडदुकानात त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, पण पगार हातात रोख, त्यामुळे सरकारी विम्याच्या हप्त्यांची वर्षे भरली नाहीत आणि सरकारी पेन्शन अर्धवट बसली. भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान, गेल्यावर त्यांच्या नोकरीच्या पेन्शनचा अर्धा वाटा यांना येतो. सगळे मिळून आठवड्याला २२९ पौंड. त्या वर्षीची पेन्शन क्रेडिटची मर्यादा होती २१८ पौंड १५ पेन्स. नकाराचे पत्र आले. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. अकरा पौंडांनी त्या 'श्रीमंत' निघाल्या आणि हीटरचे दोनशे पौंडही गेले. तो हिवाळा त्यांनी स्वयंपाकघरात काढला, कारण गॅसवर काही ना काही चालू असते तेवढी ती एकच खोली उबदार. कुकर लावून शेजारी खुर्ची ओढून बसायच्या. मला हे मार्चमध्ये कळले, तेही त्यांच्या शेजारणीकडून.

२२ एप्रिल २०२५ पासून 'पेन्शन एज डिसॅबिलिटी पेमेंट' संपूर्ण स्कॉटलंडमध्ये लागू झाले. पूर्वी लंडनकडून मिळणाऱ्या अटेंडन्स अलाउन्सची जागा त्याने घेतली. उत्पन्न कितीही असो, दुखण्यामुळे रोजच्या गोष्टींना दुसऱ्याची मदत लागत असेल आणि हे सहा महिने चालले असेल, तर हा भत्ता मिळतो; २०२५-२६ साली तो आठवड्याला ७३ पौंड ९० पेन्स किंवा ११० पौंड ४० पेन्स होता. हा अर्ज डंडीकडे. मी वहिनींच्या घरी फॉर्म घेऊन गेले.

त्या अर्ध्या तासाबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण आपली माणसे नेमकी कुठे अडतात हे मला तिथे दिसले. वहिनींना संधिवात आहे, बोटांची पेरे आल्याच्या गड्ड्यासारखी झाली आहेत. मी विचारले, अंघोळ स्वतः करता? 'हो की.' कपडे? 'घालते की.' स्वयंपाक? 'चालतंय की.' मी प्रत्येक ठिकाणी तसेच लिहिले असते तर डंडीच्या माणसाला वाटले असते, बाई ठणठणीत आहेत. मग माझे लक्ष गेले की त्या गाऊनमध्ये बसल्या आहेत. ज्या बाईला मी चाळीस वर्षांत कधी साडीशिवाय पाहिले नाही, ती गुरुवारच्या दुपारी गाऊनमध्ये. म्हटले, वहिनी, साडी कधीपासून सोडली? जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, 'अगं, निऱ्या धरवत नाहीत.' आणि ब्लाउजचे हूक? 'ती खालची आयरिश बाई येते ना सकाळी, तीच लावते.' आणि पोळ्या? 'पोळ्या कुठल्या आता, ब्रेड.' म्हटले, वहिनी, हीच मदत. हेच तर विचारताहेत ते. त्या माझ्यावर चिडल्या. 'शेजारीण हूक लावते हे मी सरकारला कळवू?'

कळवले. शब्दशः कळवले, निऱ्यांसकट. निऱ्या म्हणजे काय हे इंग्रजीत समजावून सांगायला मला चार ओळी लागल्या.

ऑगस्टअखेर मंजुरी आली, ७३ पौंड ९० पेन्स. पत्रासोबत माहितीची बरीच पाने होती. आणखी काय मिळू शकते याचाही मजकूर त्यात असणारच. वहिनींनी आकडा वाचला, पत्राला हळदीकुंकू लावायचे तेवढे बाकी ठेवले आणि ते देवघराखालच्या खणात टाकले. त्याच खणात खाली आदल्या वर्षीचे नकाराचे पत्र होते. एका खणात एकावर एक ठेवलेल्या त्या दोन कागदांचा एकमेकांशी संबंध आहे, हे त्यांना ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते.

संबंध असा. माणूस एकटा राहत असेल, त्याला हा आजारपणाचा भत्ता मिळत असेल आणि त्याची काळजी घेण्याबद्दल दुसरे कुणी सरकारकडून पैसे घेत नसेल, तर पेन्शन क्रेडिटची मर्यादाच वर जाते. २०२५-२६च्या २२७ पौंड १० पेन्समध्ये आणखी ८२ पौंड ९० पेन्स मिळवायचे, झाले ३१० पौंड. आणि हा भत्ता उत्पन्नात धरायचा नाही. वहिनींचे उत्पन्न त्या वर्षीच्या वाढीनंतर २३७ पौंड. म्हणजे आदल्या वर्षी अकरा पौंडांनी बाद झालेल्या बाईला आता लंडनकडून आठवड्याला ७३ पौंडांचा हक्क निर्माण झाला होता, केवळ डंडीने एक निर्णय दिल्यामुळे. दोन्ही मिळून १४७ पौंड. शिवाय पेन्शन क्रेडिट आले की कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरपट्टी, माफ होतो (पाण्याचे बिल सवलत जाऊन उरते ते भरावे लागते). तो अर्ज मात्र ग्लासगोच्या नगरपालिकेकडे, म्हणजे दार तिसरे. पंच्याहत्तरी झाली की टीव्हीचा परवानाही फुकट. पण मुळात लंडनकडे पुन्हा नव्याने अर्ज करायला हवा, आणि तो वहिनींनीच करायला हवा. मी त्या गुरुवारी सहज 'आलं का हो पत्र' असे विचारले नसते, तर दोन्ही कागद आजही त्या खणातच असते.

आता सांगा, डंडीच्या संगणकात लिहिलेले आहे की या बाईला भत्ता मंजूर झाला. लंडनच्या संगणकात लिहिलेले आहे की हिने गेल्या वर्षी अर्ज केला, उत्पन्न अमुक, एकटी राहते. दोन्ही खात्यांत माहितीची देवाणघेवाण होत नाही असे नाही. होते, रोज होते, त्याशिवाय एडिनबराचे निम्मे भत्ते चालणारच नाहीत. पण ती होते अर्ज आल्यावर, तो तपासण्यासाठी. ज्याने अर्ज केलेला नाही त्याला शोधून काढून 'बाई, तुमचे आमच्याकडे येणे आहे' असे सांगण्यासाठी ती वापरावी, या बाबतीत दोघेही मागे आहेत. माझा रोख एवढ्यावरच आहे.

आणि त्यामागे पैशाचे कोडे आहे, असे मला वाटते. हा आजारपणाचा भत्ता एडिनबराच्या तिजोरीतून जातो, पण त्याने उघडलेले पेन्शन क्रेडिट लंडनच्या. उलट लंडनने पेन्शन क्रेडिट दिले की कौन्सिल टॅक्सची माफी स्कॉटलंडच्या माथी. एकाने दार उघडायचे आणि बिल दुसऱ्याने भरायचे. उघडपणे कुणी नको म्हणत नाही, पण घाईही कुणाला दिसत नाही.

एडिनबराचे एक मात्र मान्य केले पाहिजे. २०१८च्या त्यांच्या कायद्यातच लिहिले आहे की लोकांना त्यांच्या हक्काचे मिळावे यासाठी शक्य ते करणे हे मंत्र्यांचे कर्तव्य आहे, आणि भत्ते जास्तीत जास्त लोकांनी घ्यावेत यासाठी त्यांनी लेखी धोरण आखून प्रसिद्ध करायचे. तसे त्यांनी २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये केले. लंडननेही असे धोरण करावे, असा स्कॉटिश मंत्र्यांचा घोशा आहे. मागणी रास्त आहे. पण दुसऱ्याला धोरण शिकवताना आपल्या मंजुरीपत्राच्या पहिल्या पानावर, रकमेच्या खालीच, ठळक अक्षरांत 'पेन्शन क्रेडिट पूर्वी नाकारले असेल तर आता पुन्हा अर्ज करा' अशी एक ओळ छापायला काय हरकत आहे? तेविसाव्या पानावर नको. पहिल्या.

लहान मुलांच्या बाबतीतही हाच खेळ आहे. स्कॉटिश चाइल्ड पेमेंट सोळा वर्षांच्या आतल्या दर मुलामागे मिळते, २०२५-२६ साली आठवड्याला २७ पौंड १५ पेन्स. योजना चांगली आहे, २०२१ साली ती दहा पौंडांवर सुरू झाली होती. पण ती मिळवायला आधी युनिव्हर्सल क्रेडिटसारखा लंडनचा लाभ लागतो. संकोचापायी जी आई तो घेत नाही, ती दोन्हींना मुकते. वेल्सच्या सरकारला तर हे भत्ते देण्याचा अधिकारच नाही, तरी ते 'तुमचे आहे ते मागा' म्हणून प्रचार करते. उत्तर आयर्लंडमध्ये 'मेक द कॉल' नावाची फोनसेवा आहे, तिथला माणूस एकाच फोनवर तुम्हाला काय काय मिळू शकते ते सगळे तपासून सांगतो. यातले काही आभाळातून पडलेले नाही.

भावाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, आपल्याकडे बरे आहे, तहसीलदार एकच. त्याच्या शेजारच्या आजींना महिन्याला पंधराशे रुपये मिळतात. त्यातले दोनशे केंद्राच्या इंदिरा गांधी योजनेचे आणि उरलेले राज्याच्या श्रावणबाळ योजनेचे, हे त्या आजींच्या गावीही नाही, आणि असायचे कारणही नाही. पैसे वेळेवर येतात का, हे मी त्याला विचारले. त्यावर त्याने विषय बदलला. पण एका अर्जात दोन सरकारे, ही गोष्ट मिरजेत जमते तर ग्लासगोत का जमू नये, हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला तो राहिलाच.

आता तुमच्या वाचकांना विनंती. तुमचे कुणी काका, मावशी, आत्या ब्रिटनमध्ये साठ-सत्तरच्या दशकांत गेलेले असतील. ते तुमचे वर्तमानपत्र फोनवर रोज वाचतात, मला माहीत आहे, मीही वाचते. इथल्या सरकारचे पत्रक ते उघडत नाहीत, आणि माझ्यासारखीने सांगितले तर 'आम्हाला भीक नको' म्हणतात. वहिनीही म्हणाल्या होत्या. भाऊंनी चाळीस वर्षे कर भरला त्याला भीक म्हणता का, असे मी विचारल्यावर त्या जरा नरमल्या. पण तुम्ही रविवारी फोन करता, 'जेवलीस का, थंडी किती आहे' विचारता, तेव्हा आणखी एक विचारा: 'पेन्शन क्रेडिट बघितलंस का?' मिरजेहून, साताऱ्याहून भाच्याने विचारले की त्यात लाज वाटत नाही. उलट भाच्यापुढे शहाणपण दाखवायला म्हणून तरी त्या चौकशी करतील.

तीन गोष्टी मात्र त्यांना सांगा, नाहीतर मी लोकांना अडचणीत टाकल्यासारखे होईल. ज्यांना मुलांनी अलीकडे व्हिसावर बोलावून घेतले आहे आणि ज्यांच्या कागदावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी मदत घेता येणार नाही) असे लिहिले आहे, त्यांनी हा अर्ज अजिबात करू नये, आधी सल्ला घ्यावा. नाहीतर व्हिसा धोक्यात येतो. दुसरे, पुण्यातला फ्लॅट, तिथले भाडे, इकडची पेन्शन, बँकेतल्या ठेवी, सगळे सांगावे लागते. दहा हजार पौंडांपर्यंतची बचत धरत नाहीत, त्यापुढे दर पाचशे पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न समजतात. 'ते तिकडचं आहे, यांना काय कळतंय' हे मी टेबलावर ऐकते. कळते. आणि सोबत मुलगा राहत असेल तर एकटे राहण्याचे ते जादा पैसे बहुतेक मिळत नाहीत, म्हणजे आईला सांभाळायला मुलगा घरी राहायला आला की आईचे उत्पन्न कमी. हा नियम कुणाच्या घरावरून बेतला असेल, देव जाणे.

तिसरी गोष्ट प्रवासाची. आमच्या पिढीची माणसे हिवाळ्यात दोन-तीन महिने भारतात येतात. आजारपणाचा भत्ता तेरा आठवडे चालू राहतो, पेन्शन क्रेडिट मात्र चार आठवड्यांपर्यंतच्याच प्रवासात. मृत्यू किंवा उपचार अशा कारणांना सवलत आहे, लग्नकार्याला नाही. विमान तेच, तिकीट तेच, म्हातारी तीच, पण नियम सरकारागणिक वेगळे.

२०२५च्या हिवाळ्यापासून थंडीचा भत्ता स्कॉटलंडमध्ये एडिनबराच देते. त्या हिवाळ्यात ऐंशीच्या आतल्या एकट्या माणसाला २०३ पौंड ४० पेन्स दिले, लंडनच्या दोनशेपेक्षा तीन पौंड चाळीस पेन्सांनी जास्त. तेवढा मान राखला बाई त्यांनी! पेन्शन क्रेडिटची ती अट आता उरलेली नाही, पण वर्षाला पस्तीस हजार पौंडांवर उत्पन्न असेल तर दोन्हीकडे तो करातून परत घेतात. वहिनींना तो आला आणि पेन्शन क्रेडिटही मंजूर झाले. बैठकीच्या खोलीतला हीटर आता संध्याकाळी लागतो, साडेपाच ते नऊ. नऊला त्या तो सवयीने बंद करतात, मी ओरडले तरी.

फेब्रुवारीत साताऱ्याला पुतणीचे लग्न आहे. वहिनींना दोन महिने राहायचे होते. परवा आम्ही दोघी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयसमोर उभ्या राहून दिवस मोजत होतो. मी बोट ठेवून मोजत होते, त्या चष्मा वर करून बघत होत्या. सत्ताविसाव्या दिवसाभोवती त्यांनी पेन्सिलने गोल केला, मग मांडवपरतणीच्या दिवशी दुसरा. त्या दोन गोलांमध्ये पाच दिवस कमी पडताहेत. तिकीट अजून काढलेले नाही.

आपली,
मूळची मिरजेची एक वाचक,
ग्लासगो